इंटरव्ह्यूतलं इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, शिक्षण मराठी माध्यमातून. कराडमध्ये एका वितरकाकडे तीन वर्षं अकाउंट्स बघतोय. पुढच्या आठवड्यात पुण्यात इंटरव्ह्यू आहे. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ केलंय, पण मध्येच विसरायला होतं. काय करू?

उत्तर : पाठ केलेलं सोडा, आपल्या रोजच्या कामाची चार वाक्यं बांधा. सध्याचं काम, त्यातला एखादा आकडा, शिक्षण आणि ही नोकरी का हवी. मिनिटभरात संपलं पाहिजे. वडिलांचा व्यवसाय, छंद वगैरे विचारलं तरच.

‘मायसेल्फ अमुक’ नको, ‘आय ॲम अमुक’ म्हणा. पुढे ‘आय हॅव बीन हँडलिंग अकाउंट्स फॉर अ डिस्ट्रिब्यूटर फॉर थ्री इयर्स.’ गाडी घसरते ती इथेच. ‘तीन वर्षांपासून’मधल्या ‘पासून’चा आपण सरळ ‘सिन्स’ करतो आणि ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ बोलून जातो. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’, म्हणजे ‘सिन्स जून 2022’. ‘आय ॲम हॅविंग एक्स्पिरियन्स’ही चुकीचं, ‘आय हॅव’ पुरे. ‘पास्ड आउट’ आपल्याकडे चालून जातं, परदेशी माणसाला मात्र तुम्हाला चक्कर आली असं वाटेल. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

कामाचं वाक्य नेमकं हवं. ‘आय एंटर अबाउट फॉर्टी इनव्हॉइसेस अ डे इन टॅली. एव्हरी मंथ आय मॅच द पर्चेस रजिस्टर विथ जीएसटीआर टू-बी.’ जीएसटीआर टू-बी म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं खरेदीचं विवरण. अशा जुळवणीसाठीचा ‘रिकन्साइल’ हा शब्द जिभेवर बसत नसेल तर ‘मॅच’नं काही बिघडत नाही. मात्र पुढचा प्रश्न हमखास यावरच येणार, बिलं जुळली नाहीत तर काय करता? तेव्हा जे खरंच करता तेवढंच बोला.

प्रश्न : ऑनलाइन इंटरव्ह्यूत प्रश्नच कळला नाही तर?

उत्तर : नुसतं ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं आणि अंदाजानं दिलेलं उत्तर भलतीकडे जातं. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच द लास्ट पार्ट. कुड यू रिपीट इट, प्लीज?’ ऐकू आलं पण अर्थ लागला नाही, तर आपला अर्थ पुढे ठेवा : ‘बाय क्लोजिंग, डू यू मीन द मंथ-एंड एंट्रीज?’ येतच नसेल, समजा एसएपी हे मोठ्या कंपन्यांतलं सॉफ्टवेअर, तर ‘आय हॅवन्ट यूज्ड एसएपी येट. आय हॅव वर्क्ड ओन्ली ऑन टॅली’ एवढं बोलून थांबा. त्यावर ‘आय ॲम अ क्विक लर्नर’ची शेपटी नको, ती सगळेच लावतात.

प्रश्न : पगाराचं काय सांगू?

उत्तर : ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ म्हणजे काहीच न सांगणं. ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग ट्वेंटी-टू टू ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड अ मंथ, इन हँड.’ खालचा आकडा परवडेल तोच ठेवा; घासाघीस तिथूनच सुरू होते. आणि ‘इन हँड’ विसरू नका. सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, बहुधा कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटाही धरलेला असतो, तो दरमहा हातात पडत नाही.