हेझलची जुनी झाडं बुंध्यापासून तोडली, तर नव्या फुटव्यांचं जिवंत कुंपण घालता येईल का?

हो, येईल. हेझल म्हणजे हेझलनटचं झाड. इंग्लंडमधल्या तुमच्या घराच्या हद्दीवर सात-आठ जुनी हेझल आहेत, वीसेक फूट वाढलेली, मांडीएवढ्या जाड फांद्यांची, आणि मधे मोकळ्या फटी, असं तुम्ही लिहिलंय. जिवंत कुंपण घालताना उभी फांदी बुडाशी जवळजवळ कापून, पण पूर्ण न तोडता, आडवी पाडतात. तुमची झाडं अशी असतील तर आधी तोडणंच बरं. एवढी जाड फांदी आडवी पाडायला गेलात तर वाकण्याऐवजी फाटते नाहीतर मोडते.

झाड मरेल ही भीती मनातून काढा. आपल्याकडे सागाचा खुंट फुटतो तसंच हेझलचं आहे. पानं गळल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, जमिनीलगत तोडा. काप तिरका आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातलं घरटं मोडणं इथे गुन्हा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फटी त्याच हिवाळ्यात भरा. लोक म्हणतात, आधी हेझल फुटू दे, मग बघू. तिथेच चुकतं. तोडल्यानंतरचे पहिले दोन उन्हाळेच काय ते जमिनीवर ऊन पडतं. हेझलचे फुटवे पहिल्याच वर्षी कमरेच्या वर जातात, आणि त्यांच्या सावलीत मागाहून लावलेलं रोप नुसतं जीव धरून राहतं. फटींमध्ये हॉथॉर्न या काटेरी झुडपाची, उघड्या मुळांची म्हणजे कुंडी-मातीशिवाय मिळणारी रोपं लावा. एकटं हेझल खालून विरळच राहतं, काट्यांची जोड हवी.

दुसरा धोका हरणांचा. माझ्या पहिल्या कुंपणाचे कोवळे धुमारे मे महिन्यात आठवडाभरात खुडले गेले. झाडं पुन्हा फुटली, पण बारीक, आणि अख्खं वर्ष वाया गेलं. तेव्हापासून तोडलेल्या काटक्याच मी खुंटांवर पसरून ठेवतो. हरणं खूपच असतील तर जाळी लावा.

मग थांबायचं, साधारण सहा-सात वर्षं. फुटव्यांचे सोट दहा-बारा फूट उंच आणि बुडाशी मनगटाएवढे झाले की तयार. बिलहुक म्हणजे पुढे वळलेला कोयताच. त्याने बुडाजवळ वरून खाली, लांब उतरता घाव घालत जायचं, सोट आपणहून कलायला लागेपर्यंत. शेवटी साल आणि तिच्या आतल्या ओल्या लाकडाची पातळ पट्टी तेवढी उरते. हाताने अलगद आडवं करताना ती पट्टी चामड्यासारखी वळते आणि तिच्यातूनच रस वर चढत राहतो. ती जाड राहिली तर सोट उभा चिरत जातो. उतार असेल तर शेंडा चढाच्या दिशेला ठेवा. मागे उरलेला टोकदार खुंटही साफ कापा, कारण पुढचे फुटवे तिथूनच, जमिनीजवळून यायला हवेत.

आडव्या सोटांना आधार म्हणून दर दीड फुटाला खुंटी लागते, आणि खुंट्यांच्या माथ्यावर लांब लवचिक काठ्यांचा पीळ. हे सगळं तुमच्याच झाडांतून निघतं. एकेका बुंध्यावर आडवे करायला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त फुटवे असतात; त्यातले सरळ ते खुंट्यांना, बारीक लांब ते पिळाला. म्हणून मधल्या वर्षांत गर्दी दिसली तरी फुटवे विरळ करू नका.