बीपीची गोळी नवीन चालू झालीय? आधी एवढंच बघा

ताई घाबरू नका, मला बीपी निघून बारा वर्षं झाली, अजून रोज सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत चालत जातो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रीडिंग १२०/८०, म्हणजे नॉर्मल आलं की गोळी स्वतःच बंद करणं, अहो ते गोळीमुळंच आलेलं असतं, मी पण बंद केली आणि महिन्यात वरचं रीडिंग १७०वर गेलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

- मशीन लावायच्या आधी ५ मिनिटं गप बसा, पाय जमिनीवर, अर्धा तास आधी चहा नको
- मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, भडंग, लोणचं, पापड यातलं पण त्यातच धरायचं, आपल्या सांगलीत इथंच घोटाळा होतो

रीडिंग वहीत लिहा, डॉक्टरांना तीच दाखवा. बाकीचं नंतर बघू.