एटीपी म्हणजे पेट्रोल नाही

तुझं पत्र वाचलं, स्नायूचं सगळं सायकल नीट लिहिलंयस, पण एका वाक्यावर अडलो. "एटीपीचा बाँड तुटतो, एनर्जी सुटते आणि त्या जोरावर मायोसिन ॲक्टिनला ओढतं." (एटीपी हा पेशीत ऊर्जेसाठी वापरला जाणारा रेणू, ॲक्टिन हा स्नायूतला प्रथिनाचा धागा आणि मायोसिन हे त्याला ओढणारं प्रथिन.) हे डोक्यातून काढ, कारण पुढे सगळं याच्यावरच अडतं.

मेल्यावर शरीर ताठ का होतं? एटीपी संपतं आणि मायोसिन ॲक्टिनला धरून बसतं, सुटतच नाही. म्हणजे एटीपी येऊन बसलं की पहिल्यांदा काय होतं तर पकड सुटते! मग एटीपीचे एडीपी आणि फॉस्फेट असे तुकडे होतात, मायोसिनचा दांडा ताणून तयार होतो, तुकडे अजून आतच असतात, ते परत ॲक्टिनला धरतं आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागलं की खरा झटका बसतो. लिम आणि टेलर यांनी हा क्रम 1971 मध्ये मांडला, तो पेपर वाचच.

आणि बाँड तोडायला एनर्जी लागते, मिळत नाही. पेशी एटीपीचं प्रमाण एडीपीच्या मानाने समतोलापेक्षा प्रचंड वर ठेवते, खरी ताकद त्या फरकात आहे. तो फरक गेला तर मायोसिनसारखी मोटर जितकी पुढे तितकीच मागे जाईल.

आता एक गणित स्वतः हाताने कर. कायनेसिनचं, म्हणजे पेशीत ओझं वाहणाऱ्या मोटरचं, एक पाऊल 8 नॅनोमीटर (1993 मध्ये ऑप्टिकल ट्रॅपने, म्हणजे लेझरच्या पकडीने मोजलं), ते साधारण 6 पिकोन्यूटनपर्यंतच्या ओढीला तोंड देतं, म्हणजे काम झालं 48 पिकोन्यूटन-नॅनोमीटर. पेशीत एका एटीपीमागे 80 ते 100 मिळतात. जवळपास निम्मं कामी आलं, तेही एका रेणूकडून, आणि आजूबाजूचं पाणी त्याला सतत धडका देत असताना! मला हे अजून थक्क करतं.

मोटर नसतानाही जोर लावता येतो हे मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही. सरपटणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला पडदा उष्णतेने थरथरतो, जरा फट पडली की ॲक्टिनचा एक कण त्यात बसतो, धागा 2.7 नॅनोमीटरने वाढतो आणि पडद्याला मागे यायला जागा उरत नाही. ॲक्टिनच्या कणालाही एटीपी चिकटलेलं असतं, ते कधी तुटतं? कण जोडला गेल्यावर, त्यामुळे जुना धागा सैल होऊन सुटतो आणि तेच कण पुढे परत वापरता येतात. बघ, इथेही खर्च सुटण्यासाठीच.

पुढच्या पत्रात मायक्रोट्युब्यूलबद्दल, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या पोकळ नळ्यांबद्दल लिही. तिथे एटीपीऐवजी त्याच्यासारखाच रेणू, जीटीपी, असतो, मिचिसन आणि किर्शनर यांचं 1984 चं काम बघ, आणि मला सांग की नळी कोसळताना क्रोमोसोम ओढला जातो तो जोर नेमका कधी साठवला गेला होता.