टोकन देण्याआधी

पहिल्याच प्लॉटचं टोकन द्यायला निघालायस, जरा थांब. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव जुळलं की नवखा माणूस खूश होतो. तू आधी ‘इतर अधिकार’ रकाना वाच. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, सगळं तिथे दडलेलं असतं. आणि ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं तर परवानगीचा आदेश डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिशात हात घालू नकोस.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा काढ; शहराच्या विकास आराखड्यात प्लॉट कशात येतो, त्यावरून रस्ता जातो का, ते त्यात कळतं. मी आळस केला. विकणारा म्हणाला, “आराखड्यातला रस्ता हो, कधी व्हायचाय?” रस्ता झाला. उरलेल्या पट्टीत आमच्या हिने कढीपत्ता लावलाय, छान वाढलाय.

हे सरकारी झालं. खाजगी बंधनं कुणी सांगत नाही. लेआउटमधल्या जुन्या खरेदीखतांत ‘फक्त राहण्यासाठी वापर’, ‘अमुक मजल्यांच्या वर बांधकाम नाही’ अशा अटी असतात. महापालिकेने नकाशा पास केला म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. शेजारी दिवाणी कोर्टातून मनाई आणू शकतो. म्हणून मागची खतंही मागव, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या व्यवहारांची तपासणी, करून घे.

जागेवर मात्र स्वतः जा, सकाळी. प्लॉटमधून पायवाट दिसली तर कोण, किती वर्षं जातंय ते विचार. 20 वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्काने वापर झाला असेल तर 1882च्या सुविधाधिकार कायद्याने तो वहिवाटीचा हक्क ठरू शकतो. कंपाउंड घालायला गेलास की भांडण ठरलेलं.