गोव्यातल्या बंद पडलेल्या जुन्या खाणींमध्ये उतरून बघता येतं का? आत काय काय सापडतं?

टॉर्च कुठला घ्यावा, बाईकचं हेल्मेट चालेल का, आणि "आठवण म्हणून आतून एखादी जुनी वस्तू आणता येईल का" असं तुम्ही विचारलंय. पहिले दोन प्रश्न वाचून मी पुढे गेलो असतो, तिसऱ्यामुळे लिहायला बसलो. आमच्या घरात ह्याच एका विषयावरून दर चवथीला वाजतं, त्यामुळे उत्तर तिरकस वाटलं तर वाटू दे.

टॉर्चचं आधी मिटवतो. गोव्यात लोखंडाच्या खाणीत उतरायला भुयारं नाहीत. रीलमध्ये बोगदे, रूळ, लाकडी टेकू दिसतात ते झारखंड-बंगालच्या कोळसा खाणींतलं नाहीतर कोलारचं. आणि कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरच्या वर खोल, २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, तिथे खाली कोणी तुम्हाला सोडणार नाही. आमच्याकडे डिचोली, सत्तरी, सांगे, केपे सगळीकडे वरून खणत खाली गेले. डोंगर कापायचा, बेंच म्हणजे पायऱ्या पाडत उतरायचं, एक टन मालामागे, म्हणजे लोखंडाच्या खनिजामागे, अडीच-तीन टन रिजेक्शन, म्हणजे टाकाऊ माती-दगड निघतं ते बाजूला ओतून दुसरा डोंगर करायचा. तुम्ही टेकडी समजून ज्याच्यावर चढाल ती बऱ्याचदा डंप असते.

बरं खड्ड्यात तरी उतरू म्हणाल तर खड्डा पाण्याने भरलाय. भुसभुशीत निळसर-करडा पावडर माल असतो ना, हाताला लागला की चमकतो, तोच आमच्याकडे खालच्या पाण्याचा साठा आहे आणि त्याच्यावर मातीचा पक्का थर. म्हणजे चांगल्या मालापर्यंत पोचलात की पाण्यात पोचलात. म्हणून खाण चालू असताना रात्रंदिवस पंप चालायचे आणि गावच्या विहिरी आटायच्या, शिरगावची माणसं ह्यासाठी कोर्टात गेली. आणि खाणी बंद झाल्या, पहिल्यांदा सप्टेंबर २०१२ ला आणि मग २०१८ च्या मार्चमध्ये, तसे पंप थांबले आणि पिट म्हणजे हे खड्डे भरत गेले. काही पिट तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले. आमच्या गावच्या पिटात तळाला पंपाचा तराफा आणि पाइप तसेच राहिलेत असं तेव्हाचे पंपवाले काका सांगतात. झालं, हीच तुमची जमिनीखालची जुनी वस्तू. बघायला मिळणार नाही.

आता तिसरा प्रश्न.

माझे पप्पा कोअर ड्रिलिंगवर होते. आधी रिगवर हेल्पर, पाठीचं दुखणं लागल्यावर कोअर शेडमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाण खणायच्या आधी खाली माल किती खोल आहे ते बघायला बोअर मारतात, हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट फिरत खाली जातो आणि मध्ये दगडाचा दांडा शिल्लक राहतो, तो कोअर. वर आणला की लांबट लाकडी पेटीत खाचांमध्ये क्रमाने मांडायचा, एका वेळी जेवढा वर ओढला त्याच्या शेवटी एक लाकडी ठोकळा आणि त्यावर खोली, पेटीच्या तोंडावर रंगाने बोअरचा नंबर. वर जांभा, मग ढेकळांचा माल, मग पावडर, मध्ये कुठे गुलाबी पिवळी माती, खाली गारगोटीच्या पट्ट्या. गोव्यातला माल इतका भुसभुशीत की निम्मा कोअर वाटेतच विरघळतो, त्यामुळे जो तुकडा अख्खा हातात यायचा तो पप्पा तान्ह्या बाळासारखा ठेवायचे. पेटी कलती धरलेली त्यांना चालायची नाही. शाळेतून मी डबा द्यायला जायचो तेव्हा शेडच्या दारातच थांबवायचे, आत पाय ठेवायचा नाही.

मग खाण बंद झाली. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पप्पा तोवर रिटायर झाले होते. ऑफिसचे पंखे गेले, काट्याच्या खोलीचे दरवाजे गेले, पत्रे गेले, भंगारवाले रोज येत होते. शेडमधल्या पेट्यांना मात्र कोणी हात लावला नाही कारण दगडाला भाव नाही.

माझ्या आतेभावाने मात्र भाव काढला. त्याचं कळंगुटला गेस्टहाऊस आहे, त्याला लॉबीत काहीतरी "अस्सल गोवा" पाहिजे होतं. दोन मित्र आणि एक पिकअप घेऊन गेला, चांगले गुळगुळीत दिसणारे कोअर निवडून घेतले आणि पेट्या शेल्फ करायला पाहिजेत म्हणून बाकीचा माल तिथेच जमिनीवर ओतला. ओतला! बोअरच्या बोअर एकावर एक. ठोकळे पेटवून तिथेच चहा केला असं त्याने स्वतः हसत हसत सांगितलं. आज त्या लॉबीत काचेच्या टेबलाखाली ते दांडे उभे आहेत, वर पिवळे लाइट सोडलेत आणि खाली पाटी, "माइनिंग हेरिटेज". गिऱ्हाइकं फोटो काढतात.

उद्घाटनाला पप्पांना मुद्दाम बोलावलं. पप्पांनी वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "कुठच्या बोअरचा रे हा?" तो म्हणाला, "मामा, असेल कुठला तरी, दिसतोय झकास ना?" पप्पांनी सरबत घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. गाडीत मला म्हणाले, तो डावीकडचा मातीच्या पट्ट्याच्या खालचा आहे, पण कुठच्या पट्ट्याच्या ते आता देवालाच माहीत. पोथीची पानं सुटी करून भेळेला द्यावी तसं झालं होतं ते.

आतेभावाचं म्हणणं ठरलेलं आहे. मी आणलं नसतं तर दोन पावसात वाळवीने खाल्लं असतं, निदान लोक बघतात तरी. माझं म्हणणं हे की लोक काय बघतात? गोल दगड बघतात. त्यापेक्षा चिरेखाणीवर जाऊन एक चिरा आण आणि लाइट सोड, तोही गोव्याचाच आहे. खोली, नंबर, जागा हे गेलं की तो कोअर नाही. एक बोअर मारायला किती डिझेल, किती पाणी, किती माणसांच्या पाठी लागतात हे त्या पाटीवर कुठे आहे? ह्यावर तो म्हणतो तू भावनिक होतोस. असेन.

आणि हे नुसतं भावनेचं नाही. जुन्या खाणीची नोंद नीट नसली की काय होतं ते चासनाळ्याच्या कोळसा खाणीने दाखवलंय. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ, वरच्या जुन्या भागात साठलेलं पाणी फुटून चालू खाणीत घुसलं, ३७५ माणसं गेली. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीतही पाणी घुसलं, तिथे खाण इंजिनियर जसवंत सिंग गिल यांनी बोअर मारून त्यातून लोखंडी कॅप्सूल सोडली आणि ६५ जणांना वर काढलं. बोअर कुठे मारायचा हे कळायला खालचा नकाशा लागतो. तो नकाशा, ती बोअरची नोंदवही, बेंचचे प्लॅन, खाणीचं खरं जुनं सामान हेच, आणि ते खड्ड्यात नसतं, कोणाच्या तरी माळ्यावर असतं. आपल्याकडे खाण बंद करायचा आराखडा कायद्याने सक्तीचा झाला २००३ ला. पोर्तुगीज काळातली कन्सेशनं, म्हणजे खाणींचे परवाने, त्याच्या कितीतरी आधीची, १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज म्हणजे भाडेपट्टे झाले. मधल्या सगळ्या वर्षांत कोणी काय कुठे खणून सोडून दिलं ते सांगणारी माणसं आता सत्तरीपार आहेत. त्यांना भेटा की. सावर्डे-कुडचडेला, पाळीला, पिसुर्लेला कुठल्याही देवळाच्या पायरीवर सकाळी बसा, रिगवाले, पंपवाले, नदीतून माल नेणारे बार्जवाले, डोक्यावर मालाच्या पाट्या वाहिलेल्या बायका, सगळे बोलतात. २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर माल बोटींवर चढला, तेव्हाच्या ट्रकच्या रांगा कशा असायच्या ते एका टिपरवाल्याकडून ऐका, कुठल्याही खड्ड्यापेक्षा जास्त मिळेल. फोनमध्ये रेकॉर्ड करा, विचारून.

तरीही जायचंच असेल तर. एक, बंद दिसणारी खाण बंद असेलच असं नाही, लिलाव झालेत, डिचोलीला २०२४ पासून काम परत चालू आहे, आणि जी पडून आहे तिचाही कोणीतरी मालक किंवा वॉचमन आहे, विचारल्याशिवाय आत गेलात तर तो घुसखोरीचा मामला. जुन्या खड्ड्याभोवती कुंपण पाहिजे असा नियम आहे, कुंपण बहुतेक ठिकाणी तुम्हाला दिसणार नाही. पिटच्या काठावर जाऊ नका, ओली माती पायाखालून सरकते, आणि पाण्यात पडलात तर उथळ काठच नसतो, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. टेलिंग पाँड म्हणजे धुतलेल्या मालाचा गाळ साठवलेलं तळं, ते वरून सुकलेलं मैदान वाटतं, त्यावर क्रिकेट खेळावंसं वाटतं, आत चिखल असतो. पावसाळ्यात तर डंपच्या खालून जाणारा रस्तासुद्धा टाळा.

आणि गोव्याबाहेर कुठे खरंच भुयारात गेलात तर हेल्मेटपेक्षा हवेची काळजी करा. बंद जागेत लाकूड कुजतं, ऑक्सिजन संपतो, जड हवा तळाला बसते, आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरलेली माणसं अशीच जातात आणि काढायला उतरलेला दुसराही जातो. दिवा विझला तर मागे फिरा हे विहिरीपुरतं ठीक, कोळसा खाणीत पेटता दिवा न्याल तर तिथल्या वायूचा स्फोट होऊ शकतो. माहीतगार माणसाशिवाय जाऊच नका, रीलवाला माहीतगार नसतो.

आतेभावाच्या बाजूने एवढं म्हणायला पाहिजे की शेड खरंच गळत होती आणि पेट्यांना वाळवी लागली होती हे मी स्वतः बघितलंय. पण मोबाइल होता ना खिशात? उचलायच्या आधी पेटीवरच्या नंबराचा एक फोटो काढायचा. वस्तू उचलू नका असं मी सांगेन आणि तुम्ही उचलाल हे मला माहीत आहे, म्हणून निदान फोटो काढा, पेटीचा, नंबराचा, कुठच्या बाजूला काय होतं त्याचा. मग माझ्या आतेभावालाही दाखवा, कळंगुटला कोणीही गेस्टहाऊस सांगेल.