लेक म्हणते, हेच काम करणार

(चोपडा तालुक्यातले एक वडील लिहितात: मुलगी बारावी सायन्सला आहे. आजोबांना तोंडाचा कॅन्सर होता, शेवटचे महिने घरीच गेले आणि त्यांचं सगळं तिनेच केलं. आता अशाच रुग्णांची सेवा करायची म्हणते. लोक विचारतात, मरणाऱ्याच्या उशाशी बसून पोट भरतं का?)

भाऊ, नमस्कार.

नुसतं बसून नाही भरत, लोक बरोबर बोलतात. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू झालं. ते पुढे गावोगाव पसरलं ते स्वयंसेवकांच्या बळावर. पण त्यांची चूल दुसऱ्या कामावर पेटते. त्यांच्यासोबत घरोघरी जाणारी नर्स मात्र पगारी असते. मुलीने ती नर्स व्हावं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, सीईटी द्यावी लागते. शिकवणं इंग्रजीतून, तेव्हा आतापासून वाचायची सवय लावा. पदवीनंतर पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना-त्रास कमी करणाऱ्या याच सेवेचे, छोटे सर्टिफिकेट कोर्स करता येतात.

आता कामाबद्दल. हे फक्त शेवटच्या दिवसांचं काम नाही. निदान झाल्यापासून उपचारांच्या जोडीने ते चालतं. लकवा, किडनीच्या रुग्णांनाही लागतं. कॅन्सरच्या कळांना मॉर्फिनची (अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक) साधी गोळी साधारण चार तास पुरते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, कळ उठेपर्यंत थांबायचं नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते. ‘व्यसन लागेल’ म्हणून घरचेच गोळी लपवतात. त्यांना समजावणं, जखमेचं ड्रेसिंग शिकवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायला लावणं, हे नर्सचं. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं झालं, तरी ते ठेवणारे दवाखाने अजून थोडेच. आणि आजी ‘दुखस वो माय’ म्हणाली की नेमकं कुठे, कसं, हे अहिराणीतच विचारणारी मुलगी पुण्या-मुंबईहून आणावी लागत नाही.

पगाराचं खरं सांगतो. खान्देशात फक्त या कामाच्या जागा कमी. सरकारी आरोग्य अभियानातल्या बऱ्याचशा कंत्राटी. आधी हॉस्पिटलात नोकरी, अनुभव, मग इकडे वळणं, हा रस्ता मला बरा वाटतो. लग्नाचं म्हणाल, तर नर्सिंग झालेली सून नको म्हणणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

एक शंका मात्र आहे. आजोबा आपले होते, दुःख ताजं आहे. परक्या घरात तेच काम करताना मन वेगळं चालतं. परीक्षा झाली की सुट्टीत गावातल्या आशाताईंना विचारून अंथरुणाला खिळलेल्या एक-दोघांकडे आठवड्यातून एकदा जाऊ द्या. इंजेक्शन वगैरे नाही. तासभर बसायचं, तेवढ्यात घरच्या बाईला आंघोळ-जेवण करता येतं. सीईटीचा फॉर्म मात्र वेळेत भरून ठेवा; महिनाभरानेही तिला जावंसं वाटलं, तर नर्सिंगला प्रवेश घ्या. रक्त-जखमा नकोशा वाटल्या, पण माणसांशी बोलणं आवडलं, तर समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू., मग एम.एस.डब्ल्यू. करू द्या, या टीममध्ये समाजकार्यकर्तीही लागते.