आपलाच पंथ खरा मानणाऱ्यांनी इतरांसाठी धर्मस्वातंत्र्य का मागितलं?

तुमचा प्रश्न असा: जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाच्या आधी इंग्रजी जगात धर्मस्वातंत्र्य मागणारे बंडखोर स्वतः इतके कडवे होते, तर दुसऱ्यांच्या धर्माची त्यांना काय पडली होती? माझ्या मते ते कडवे होते म्हणूनच त्यांनी ते मागितलं.

आपल्याकडे हा विषय वाचताना सर्वधर्मसमभाव मध्ये आणला जातो आणि तिथेच गाडी घसरते. सगळे मार्ग एकाच देवाकडे जातात, असं यांतला कोणीही म्हणत नव्हता. इंग्रज बाप्टिस्ट धर्मोपदेशक थॉमस हेल्विसच्या लेखी रोमचं चर्च म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, 'प्रकटीकरणा'तलं पहिलं श्वापद, आणि इंग्लंडचं राजमान्य चर्च दुसरं. तरीही १६१२ साली तोच लिहितो की पाखंडी, तुर्क (म्हणजे मुसलमान), यहुदी कोणीही असो, ऐहिक सत्तेने त्याला तिळमात्र शिक्षा करू नये. राजा जेम्ससाठीच्या प्रतीवर त्याने स्वहस्ते लिहिलं, की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही. प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं आणि १६१६ पर्यंत तो वारला होता.

यामागचा विचार साधा आहे. श्रद्धा देव देतो, शिपाई नाही. दंडाच्या भीतीने प्रार्थनेला बसलेला माणूस देवासमोर खोटं बोलतो, म्हणजे सक्ती करणारं सरकार ढोंगी तयार करतं. उपासना जितकी शुद्ध हवी, तितकी सक्ती जास्त घाण वाटते.

रॉजर विल्यम्स या प्युरिटन धर्मोपदेशकाने हे सर्वांत नेटाने लढवलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून त्याला १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं आणि १६४४ मध्ये लंडनला त्याचा मोठा ग्रंथ छापला गेला. पार्लमेंटने तो जाळायचा हुकूम दिला. त्याचा पुष्कळसा भार बायबलमधल्या मत्तयाच्या १३व्या अध्यायातल्या निदणाच्या (तणाच्या) दाखल्यावर आहे: गव्हात निदण उगवलं तरी उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मग हे शेत म्हणजे काय? विल्यम्स ३८व्या वचनावर बोट ठेवतो: शेत म्हणजे जग. चर्च नव्हे. त्यामुळे चर्चने चुकलेल्याला खुशाल बाहेर काढावं, पण जगातून उपटायचा हक्क कोणालाच नाही. दहा आज्ञांचीही तो अशीच वाटणी करतो. देवाविषयीच्या पहिल्या चार आज्ञांशी न्यायाधीशाचा संबंध नाही. खून, चोरी, खोटी साक्ष एवढंच त्याने बघावं.

मॅसॅच्युसेट्सचा धर्मोपदेशक जॉन कॉटन याचा प्रतिवाद हलक्यात घेऊ नका. तो म्हणतो, आम्ही कोणाला सदसद्विवेकबुद्धीसाठी शिक्षा करतच नाही. दोनदा समजावल्यावरही जो ऐकत नाही, तो स्वतःच्याच सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध पाप करत असतो, शिक्षा त्याची. विल्यम्सचा रोख असा की मग हे ठरवणार गादीवर असेल तो. आणि आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत इंग्लंडचा धर्म किती वेळा बदलला ते आठवा.

व्यवहारात पहिली ठेच घरातच लागली. प्रॉव्हिडन्सचा जोशुआ व्हेरिन बायकोला विल्यम्सच्या सभांना जाऊ देईना. १६३८ मध्ये गावाने त्याचा मताधिकार काढून घेतला. तिच्या सदसद्विवेकबुद्धीवर बंधन घातलं, हे कारण. नवऱ्याची सत्ता देवदत्त आहे, असा युक्तिवाद तेव्हाही झाला होताच.

या स्वातंत्र्याची हद्द कुठे, हे विल्यम्सच्या १६५५ च्या एका पत्रात आहे. एका जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी, तुर्क आहेत. जहाजावरच्या प्रार्थनेला कोणाला ओढायचं नाही, स्वतःच्या प्रार्थनेपासून कोणाला अडवायचं नाही. पण जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवणार, भाडं सगळ्यांनी द्यायचं, आणि बंड केलं तर शिक्षा होणार.

लॉकने १६८९ मध्ये नास्तिकांना सवलत नाकारली, कारण त्यांच्या शपथेवर भरवसा नाही. विल्यम्सची भूमिका त्याहून रुंद होती, स्वभाव मात्र अजिबात नाही. १६७२ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशी चार दिवस जाहीर वाद घालत बसला आणि मग त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तक लिहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनने क्वेकरांना फाशी दिली होती. विल्यम्सच्या वसाहतीत ते राहत होते, निवडूनही येत होते.

मूळ वाचायचं असेल तर जहाजाच्या पत्रापासून सुरुवात करा. १६४४ चा ग्रंथ 'सत्य' आणि 'शांती' यांच्या संवादाच्या रूपात आहे, आणि दोघीही फार बोलतात.